जळण, धूर आणि गरिबी
बुधवार पेठेच्या उदाहरणावरून घ्यावयाचा बोध

पुणे शहरातील बुधवार पेठ ही दाट वस्तीची व मोठ्या व्यापाराची जुनी पेठ होय. तांबडी जोगेश्वरीचे मंदिर, पासोड्या विठोबा, तुळशीबागेतील भांड्यांची दुकाने आणि आप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने यांमुळे ती जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्याही परिचयाची आहे. येथील जुन्या वाड्यांत एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहत असे. बसणे, निजणे व रांधणे एकाच जागी होई. चुलीत लाकूड वा गोवरी, शेगडीत लोणारी कोळसा आणि अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब, अशी जळणाची व्यवस्था होती. लाकूड, कोळसा व गोवऱ्या शहरात पिकत नाहीत. त्या खेड्यांतून येत. म्हणून पेठेतील चुलीचा प्रश्न हा खेड्याचाही प्रश्न आहे.

जळणात झालेला पालट

लाकूड व कोळशाच्या जागी पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला आणि त्यानंतर गॅस आला. ‘इंडेन’ गॅसची विक्री १९६५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली व हळूहळू सर्व शहरांत पसरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ या काळात देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे ९० टक्के कुटुंबे स्वच्छ जळण वापरीत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ४३ टक्केच होते. शहरात उरलेली दहा टक्के कुटुंबे कोणती, हे पाहिले असता या प्रश्नाचे मूळ ध्यानी येते. ती बहुधा रोजावर पोट भरणाऱ्यांची व भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांची असतात.

स्वस्त जळण महाग का पडते

सिलिंडर घेण्यास एकरकमी पैसा लागतो. रोज मजुरी मिळविणाऱ्यापाशी तेवढी रक्कम एका वेळी नसते. तो दहा-वीस रुपयांचे जळण रोज विकत घेतो किंवा फळ्या, खोकी, कागद असे मिळेल ते जाळतो. तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी सुमारे एक दशांश उष्णताच भांड्याला मिळते. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक मिळते. म्हणजे गरीब मनुष्य थोड्या पैशांत पुष्कळ धूर व थोडी आच विकत घेतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. पेठेतील वेश्यावस्तीतील स्त्रिया व बाहेरगावाहून आलेले मजूर यांच्यापाशी पत्त्याचा पुरावा नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसायातील स्त्रियांना ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता शिधा द्यावा, असा आदेश राज्यांना दिला. ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना शिधापत्रिका व पत्त्याचा पुरावा यांऐवजी स्वतःचे घोषणापत्र देण्याची सवलत ठेवण्यात आली. तसेच ५ किलोचा लहान सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. दुष्काळी गावातून मजुरीसाठी शहरात जाणाऱ्या कुटुंबांना ही माहिती असणे अगत्याचे आहे.

तथापि जोडणी मिळाल्याने चूल विझतेच असे नाही. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांनी २०२३-२४ मध्ये वर्षाकाठी सरासरी सुमारे चारच सिलिंडर भरून घेतले. केवळ गॅसवर रांधणाऱ्या कुटुंबाला याच्या जवळजवळ दुप्पट सिलिंडर लागतात. उरलेला स्वयंपाक पुन्हा चुलीवर होतो.

धुराचे शरीरावरील परिणाम

धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यांपासून लहान मुलांस न्यूमोनिया आणि मोठ्यांस दम्यासारखे जुनाट श्वासविकार, हृदयविकार व पक्षाघात संभवतात. रांधणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरील मुले यांना याची झळ सर्वांत अधिक लागते. गुजरातेतील चार खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराचे मोजमाप केले गेले व त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

कोळशाचा धूर दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू निघतो. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून निजणे म्हणजे मृत्यूस बोलावणे होय.

खोलीतील धूर खोलीत राहत नाही. अरुंद बोळांत तो साचतो व वाहनांच्या धुरात मिसळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, त्यामुळे तो अधिक वेळ टिकतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणे शहराचा समावेश करावा लागला, त्याला वाहने, धूळ व कचरा यांप्रमाणेच चूलही काही अंशी कारण आहे.

खेड्याला सुलभ असलेला उपाय

पेठेतील गरिबापाशी जनावरे नाहीत, जागाही नाही. शेतकऱ्यापाशी ही दोन्ही साधने आहेत, तरीही तो गोवऱ्या थापतो. गोवरी जाळली की शेणातील नत्र धुराबरोबर जातो आणि शेत खतास मुकते. तेच शेण गोबर गॅस संयंत्रात घातल्यास जळणही मिळते व खतही उरते. २ घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते. गोठ्यात बांधलेली चार-पाच जनावरे तेवढे देतात. शेणात तितकेच पाणी कालवावे. यातून मिळणाऱ्या गॅसने पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो व सुमारे १६ दिवसांत १४.२ किलोच्या एका सिलिंडराइतके जळण वाचते. थंडीत गॅस कमी निघतो, हे लक्षात ठेवावे. बाहेर पडणारी मळी उत्तम खत होय.

ज्यांच्यापाशी जनावरे नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची व खरकट्यावर चालणाऱ्या लहान संयंत्राची पद्धत विकसित केली. या दोन कामांबद्दल तिला २००२ व २००६ मध्ये अॅश्डेन पारितोषिके मिळाली.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. चार-पाच जनावरे असूनही गोवऱ्या जाळणाऱ्या कुटुंबांची यादी करून त्यांना गोबर गॅसच्या अनुदानाची माहिती द्यावी.

२. सिलिंडर असूनही चूल पेटते अशा घरी कारण विचारावे. पैशाची अडचण असल्यास बचत गटामार्फत महिन्याला थोडी रक्कम साठविण्याची व्यवस्था करावी.

३. चूल चालू ठेवणे भाग असेल तेथे सरपण वाळवून, बारीक फोडून वापरावे, धुराडे बसवावे, समोरासमोर दोन झरोके ठेवावेत. लहान मुलास चुलीपाशी निजवू नये.

४. डाळ भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे व शक्य तेथे प्रेशर कुकर वापरावा.

५. बंबात अथवा चुलीत प्लास्टिक, रबर व रंगविलेले लाकूड कदापि जाळू नये.

६. मजुरीसाठी शहरात जाणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वीच लहान सिलिंडराची व उज्ज्वला योजनेतील सवलतीची माहिती द्यावी.

बुधवार पेठेच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. धूर हा गरिबीच्या मागोमाग जातो, आणि दवाखान्याचा खर्च वाढवून गरिबी अधिक घट्ट करतो. हे चक्र मोडण्यास शहरात पैसा व कागदपत्रे लागतात. खेड्यात त्याची सुरुवात आपल्या गोठ्यापासून करता येते.