संगणकावरील प्रोग्राम काढून टाकण्यापूर्वीं

सात-बाराचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ सालापासून घरबसल्या मिळूं लागला आहे, व बागेचा जमाखर्चही पुष्कळ जण आतां संगणकावरच लिहितात. हें यंत्र चार-पांच वर्षांनीं मंद चालूं लागलें म्हणजे घरधनी 'नको तें काढून टाका' असें म्हणतो. तें कसें काढावें व कशास हात लावूं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पडद्यावरील चित्र पुसल्यानें प्रोग्राम जात नाहीं. दारावरची पाटी काढल्यानें भाडेकरी थोडाच निघून जातो! विंडोज ११ मध्यें 'सेटिंग्ज', त्यांत 'ॲप्स' व त्यांत 'इन्स्टॉल्ड ॲप्स' असें क्रमानें उघडावें. तेथें प्रोग्रामांचीं नांवें, ते घातल्याच्या तारखा व त्यांनीं व्यापलेली जागा यांची यादी दिसते. नांवासमोरील तीन टिंबांवर दाबून 'अनइन्स्टॉल' म्हटलें कीं प्रोग्राम रीतसर निघतो. पोरांनीं घातलेले खेळ, मुदत संपलेला विषाणुरोधक, हे खुशाल काढावे. विषाणुरोधक गेल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पहाऱ्यास उभा राहतो.

याच यादींत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' या नांवाच्या चार-पांच नोंदी निरनिराळ्या सालांच्या आढळतात. दफ्तरांत जन्म काढलेल्या माणसाचा हात दुबार नोंद पाहून ती रद्द करण्यास शिवशिवतो. परंतु या नोंदी दुबार नव्हेत. निरनिराळे प्रोग्राम निरनिराळ्या सालच्या नोंदीवर चालतात. त्या असूं द्याव्या.

विंडोजबरोबरच आलेल्या कांहीं सोयींची गोष्ट वेगळी. 'कंट्रोल पॅनल' मधील 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' येथें त्यांच्यापुढें खुणेचे चौकोन असतात. खूण काढली म्हणजे सोय बंद होते. पुन्हां केली म्हणजे चालूं होते. धामापूरच्या तलावाखालीं शेती करणारास हें समजावयास कठीण नाहीं: पाटाचें तोंड बांधलें, पाट बुजविला नाहीं. कांहीं सोयी मात्र कंपनी स्वतःच बंद करते. १५ जून २०२२ रोजीं विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधार तिनें काढून घेतला, आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तींतून वर्डपॅड गेलें.

आतां माझी चूक सांगतों. जुना मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम निरुपयोगी समजून मीं तो फाँटांसकट काढला. दुसऱ्या दिवशीं नारळ-सुपारीच्या हिशेबाची वही उघडतों तों सर्व ओळी इंग्रजी अक्षरांच्या व चित्रविचित्र चिन्हांच्या! अकरा वर्षांचा जमाखर्च गेला असें वाटून त्या रात्रीं जेवण गेलें नाहीं. कारण असें कीं, युनिकोड रुळण्यापूर्वींच्या पुष्कळ मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. वहींत सांठतें तें मूळ इंग्रजी चिन्हच. त्याला 'क' चें रूप फाँट देतो. फाँट काढला कीं सोंग उतरलें! सुदैवानें त्या प्रोग्रामाची तबकडी कपाटांत होती. ती पुन्हां घालतांच सर्व अक्षरें जागच्या जागीं दिसूं लागलीं.

म्हणून असा प्रोग्राम काढण्यापूर्वीं जुन्या वह्या युनिकोडमध्यें पालटून घ्याव्या, आणि तो जुना फाँट ज्यांत नाहीं अशा दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. पालटतांना जोडाक्षरें व रफार कधीं बिघडतात. आंकड्यांची बेरीजही ताडून घ्यावी. माझ्या दोन वर्षांच्या वह्या अद्याप पालटावयाच्या आहेत, तोंवर तो प्रोग्राम यंत्रांत ठेवला आहे.