सिक्युअर शेल

सिक्युअर शेल, संक्षेपाने एसएसएच, हा दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करून तो आपल्या जागेवरून चालवण्यासाठी वापरला जाणारा प्रोटोकॉल, म्हणजेच दोन संगणकांमधील संवादाचा नियमसंच आहे. दोन्ही टोकांमधील सर्व मजकूर कूटबद्ध स्वरूपात जातो. मोठ्या माहिती केंद्रांप्रमाणेच, सनदी लेखापाल, वास्तुविशारद किंवा मुद्रक यांच्या छोट्या कार्यालयातील एकुलता एक सर्व्हर घरून किंवा परगावाहून वापरण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

इतिहास

एसएसएचपूर्वी हे काम प्रामुख्याने टेलनेट करीत असे. १९६९ पासून विकसित होत गेलेल्या या प्रोटोकॉलमध्ये परवलीचा शब्दही उघड अक्षरांत जाई. पोस्टकार्डावरील मजकूर जसा वाटेतील कोणालाही वाचता येतो, तशीच ही स्थिती होती. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार घडला. त्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली आणि त्याच वर्षी जुलैत ती विनामूल्य उपलब्ध केली. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी तो मागितला व त्यांना मिळाला.

पुढे मूळ कार्यप्रणाली व्यावसायिक झाली. तेव्हा ओपनबीएसडी प्रकल्पाच्या विकासकांनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही मुक्त कार्यप्रणाली आणली. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तीच आढळते आणि विंडोज १० व ११ मध्येही ती उपलब्ध आहे. दुसरी आवृत्ती २००६ मध्ये प्रमाणित झाली. पहिली सदोष असल्याने वापरातून गेली आहे.

कार्यपद्धती

जोडणी होताच दोन्ही संगणक एक तात्पुरते सामायिक गुपित ठरवतात. हे गुपित तारेवरून कधीच जात नाही. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली कल्पना त्यामागे आहे. त्यानंतर सर्व्हर आपली ओळख पटवतो आणि शेवटी वापरकर्ता आपली.

वापरकर्त्याची ओळख परवलीच्या शब्दाने किंवा किल्ल्यांच्या जोडीने पटते. खासगी किल्ली वापरकर्त्याच्या संगणकावर राहते, तर सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवली जाते. खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सर्व्हर सार्वजनिक किल्लीच्या साहाय्याने पडताळतो. इंग्रजीच्या अनुकरणाने दोघींनाही ‘किल्ली’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः सार्वजनिक किल्लीला कुलूप म्हणणे अधिक सयुक्तिक ठरले असते. कुलूप दाराला लावावे, कोणीही पाहावे. किल्ली मात्र मालकाच्या कनवटीला असते.

सर्व्हरची ओळख पटवण्याचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पहिल्याच जोडणीत सर्व्हरच्या किल्लीचा ‘ठसा’ पडद्यावर अक्षरमालेच्या रूपात दिसतो आणि तो मान्य आहे का, असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचताच होकार देतात. मध्येच कोणी बनावट सर्व्हर उभा केला असेल, तर या होकारानंतर टंकलेला परवलीचा शब्द थेट त्याच्या हाती पडतो. मजकूर कूटबद्ध असूनही उपयोग होत नाही. म्हणून सर्व्हर बसवतानाच तो ठसा कागदावर छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवणे इष्ट. पुढे ठसा बदलल्यास संगणक इशारा देतो. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर तो निरुपद्रवी असतो. तसे काही घडले नसेल, तर जोडणी तोडून चौकशी करावी.

छोट्या कार्यालयातील मांडणी

प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते असावे आणि ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याला बाहेरून थेट प्रवेश नसावा. किल्ल्यांची जोडी ज्याने त्याने आपल्याच संगणकावर तयार करावी; त्यासाठी सध्या एडी२५५१९ हा प्रकार प्रचलित आहे. खासगी किल्लीला वेगळा परवलीचा वाक्यांश द्यावा आणि ती ईमेलने कोणालाही पाठवू नये. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील संबंधित खात्याच्या अधिकृत किल्ल्यांच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिली जाते. ही फाइल इतरांना लिहिण्यास खुली असेल, तर ओपनएसएसएच किल्ली नाकारते. नवशिक्यांची येथेच सर्वाधिक अडचण होते.

किल्लीने प्रवेश होऊ लागल्यावर परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करावा. मात्र त्या वेळी चालू असलेली जोडणी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी करून पाहावी. ही खबरदारी न घेतल्यास एका चुकीच्या अक्षरापायी स्वतःच्याच सर्व्हरबाहेर राहण्याची वेळ येते.

किल्लीचा खरा लाभ कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा कळतो. सामायिक परवलीचा शब्द असेल, तर तो सर्वांसाठी बदलावा लागतो आणि कंटाळ्यापोटी बहुधा बदलला जात नाही. किल्ली असेल तर फाइलमधील तेवढी एक ओळ खोडली की पुरते.

पोर्ट २२ ऐवजी दुसरा क्रमांक घेतल्याने स्वयंचलित प्रयत्नांच्या नोंदी कमी होतात, सुरक्षितता फारशी वाढत नाही. भारतात अनेक इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो. तेव्हा सेवादात्याकडून स्थिर पत्ता घ्यावा लागतो किंवा भाड्याच्या सर्व्हरमार्फत वायरगार्डसारखे व्हीपीएन उभारावे लागते.

हिशेबाची कार्यप्रणाली विंडोजवर असल्यास काही कार्यालये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ थेट इंटरनेटवर उघडतात. हे धोक्याचे आहे. २०१९ मध्ये जुन्या विंडोज आवृत्त्यांतील या सेवेत ‘ब्लूकीप’ हा दोष आढळला. त्यात लॉगिन न करताही संगणकाचा ताबा घेता येत होता. एसएसएचमधून भुयार काढून तोच डेस्कटॉप वापरता येतो आणि ३३८९ बाहेरून बंद राहतो.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. सर्व्हरचे घड्याळ चुकीचे असल्यास या नोंदींचा उपयोग राहत नाही.

मर्यादा

वापरकर्त्याचा संगणकच बाधित असेल, तर एसएसएच त्याला वाचवू शकत नाही. कार्यप्रणालीच्या पुरवठ्यातही घात होऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब जाणवला. शोध घेता ‘एक्सझेड’ या संक्षेपण साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेली चोरवाट सापडली. तोवर त्या आवृत्त्या मुख्यतः लिनक्सच्या चाचणी आणि सतत अद्ययावत होणाऱ्या वितरणांतच पोहोचल्या होत्या.