ई-मेल आणि पत्राची मर्यादा

शाळांचा पुष्कळसा पत्रव्यवहार आता ई-मेलने होतो. साधन बदलले तरी पत्रलेखनाचा धर्म बदललेला नाही. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी लहान मुद्रा उठवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, असा तिचा आशय. ई-मेलला अशी मुद्रा नाही; पाठविलेले पत्र क्षणात शंभर ठिकाणी जाऊ शकते. म्हणून त्याची मर्यादा पाठविणाऱ्यानेच आखावयाची असते.

प्रथम पत्ता. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडताना व्यक्तीचे व संगणकाचे नाव यांमध्ये 'ॲट' हे चिन्ह योजले. तीच रीत आजही चालू आहे. पोस्टमन अर्धवट पत्ताही ओळखून घेई. संगणक ओळखत नाही. एक अक्षर चुकले की पत्र परत येते, किंवा परक्याच्या हाती पडते.

दुसरी गोष्ट विषयाची. 'माहिती' किंवा 'तातडीचे' हा विषय नव्हे. 'शालेय पोषण आहार, जूनची मागणी' असे लिहून पुढे शाळेचे व केंद्राचे नाव द्यावे. ज्याला दिवसाकाठी अनेक शाळांची पत्रे पाहावयाची असतात, त्याचे श्रम एवढ्याने वाचतात.

मजकुरास 'महोदय' अथवा 'महोदया' असा आरंभ असावा. ज्या पत्राचे उत्तर द्यावयाचे त्याचा क्रमांक व दिनांक लिहून, विचारलेली गोष्ट आधी सांगावी. शेवटी नाव, हुद्दा, शाळा आणि अकरा अंकी यू-डायस क्रमांक द्यावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फॉन्टमधील अक्षरे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. तक्त्याचे छायाचित्र न पाठविता तक्ताच जोडावा. पावसाळ्यात डोंगरकपारीच्या गावी जड फाइल उघडण्यास किती वेळ लागतो, हे आपण जाणताच. पत्र मिळाल्यावर 'पोहोचले' एवढे एका ओळीत कळविणे हाही शिष्टाचारच होय. रागाच्या भरात लिहिलेले पत्र मात्र रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वाचावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. 'प्रति'मध्ये ज्याने कार्यवाही करावयाची त्याचे नाव, 'सीसी'मध्ये ज्याला केवळ कळवावयाचे त्याचे. 'बीसीसी'मधील पत्ते इतरांस दिसत नाहीत. पालकांना एकत्र पत्र पाठविताना तेच वापरावे. 'सर्वांना उत्तर' ही कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे. समजा, एका मुख्याध्यापकाने शिष्यवृत्तीची यादी या कळीने धाडली. तिच्यात मुलांचे आधार क्रमांक, जात, पालकांचे उत्पन्न आहे. कार्यालयास हवी असलेली यादी अशाने तालुक्यातील साऱ्या शाळांत पोहोचते. उघडी पडलेली माहिती पुन्हा झाकता येत नाही, आणि तिचा सल त्या मुलाला सोसावा लागतो. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. कायदा नसता तरीही शिक्षकाचे कर्तव्य हेच राहिले असते.

तेव्हा पत्र धाडण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळाव्यात: पत्ता बरोबर आहे काय, म्हटलेली फाइल जोडली आहे काय, आणि ज्यांना पाहण्याचे कारण नाही असा कोणी यादीत आहे काय. ही सवय आपण लावून घेतली, तर वर्गात पत्रलेखन शिकविताना ती मुलांनाही सहज देता येईल.