दोन टेराबाइटची वेस

चार टेराबाइटची नवी डिस्क लिनक्सला जोडून जुन्या सवयीने एमबीआर तक्ता मांडला आणि एकच मोठा विभाग करायला गेलो, की जवळजवळ निम्मी जागा बाहेर राहते. दोष डिस्कचा नाही. १९८३ च्या डॉसपासून चालत आलेल्या या तक्त्यात विभागाची सुरुवात आणि लांबी लिहायला ३२ बिटांचेच रकाने आहेत. ५१२ बाइटच्या सेक्टरने मोजत गेलो तर गणती २.२ टेराबाइटला थकते. जीपीटी या दुसऱ्या प्रकारच्या तक्त्याचे रकाने ६४ बिटांचे, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेपटाशी असते. मोठ्या डिस्कला तोच हवा.

कोणी म्हणेल, सेक्टर ४०९६ बाइटचा असला तर एमबीआरही पुरतो. खरे आहे, पण पुष्कळ डिस्क आतून ४०९६ च्या असूनही बाहेर ५१२ च सांगतात. जुने बायॉस जीपीटीवरून बूट करताना अडते हा आक्षेप अधिक वजनदार, तरी तो फक्त बूट होणाऱ्या डिस्कपुरता, आणि तिथेही ग्रबसाठी एक मेगाबाइटचा कोरा विभाग राखला की बहुधा भागते. जपायचे ते वेगळेच: पार्टेडमध्ये ‘एमकेलेबल जीपीटी’ दिले की जुना तक्ता तिथल्या तिथे पुसला जातो; एफडिस्क निदान ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत थांबतो.