नाव आधीच कुणी नोंदलेले असेल तर?

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यातल्या उद्योजकाचा ट्रेडमार्क अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. आधीच्या नोंदणीशी साम्य दिसले की ट्रेडमार्क कायदा १९९९च्या कलम ११ खाली हरकत निघते. हा अंतिम नकार नव्हे. मात्र तपासणी अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावेच लागते, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. लढण्याआधीच असे हरू नये.

'अशी नावे बरीच आहेत' हा बचाव फार दुबळा. मुंबईतल्या 'ग्लुव्हिटा' बिस्किटांनी तो 'ग्लुकोव्हिटा'पुढे मांडला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नाव नोंदवहीत असणे म्हणजे ते बाजारात वापरात असणे नव्हे. 'ग्लुव्हिटा'ची नोंदणी झाली नाही.

खरा आधार पुराव्याचा. कलम १२ प्रामाणिक समांतर वापर मान्य करते. त्यासाठी जुनी बिले, जाहिराती, वेष्टने जपून ठेवा. 'लक्ष्मणधारा' हे नाव 'अमृतधारा'शी फसवे साम्य असलेले ठरले, तरी समोरच्याने वर्षानुवर्षे ते खपवून घेतल्यामुळे १९६२ मध्ये त्याची नोंदणी टिकली, पण फक्त उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती.

आधीच्या मालकाचे संमतिपत्र मिळाले तर वाट सोपी होते. त्याने सलग पाच वर्षे नाव वापरलेच नसेल, तर कलम ४७ खाली ती नोंद काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. आपल्या मालाची यादी आटोपशीर केल्यानेही कधी कधी हरकत सुटते. तरीही नकार आला, तर तीन महिन्यांत अपील. २०२१ पासून ते उच्च न्यायालयात होते.