वडिलांची इच्छा आणि बागानची बचावफळी

मुलगा खेळात नाव काढू लागला की घरात दोन मते होतात. कपाटातील चषकांचे कौतुक सर्वांनाच असते. परंतु परीक्षा जवळ आली की ‘हे सारे किती दिवस?’ हा प्रश्न पेढीवरील आजोबांपर्यंत पोहोचतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाच्या कर्णधारापुढे हा प्रश्न अधिक कठोर रूपात उभा होता.

तालिमेरेन आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी नागा टेकड्यांतील चांगकी गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९३५ मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात मुलगा उत्तम खेळाडू म्हणून गाजला. पण पुढे कोलकात्याला गेला तो वैद्यकीय शिक्षणासाठी, कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात.

तेथे १९४३ मध्ये मोहन बागानने त्यांना संघात घेतले आणि लवकरच कर्णधारपदही दिले. त्यांची जागा बचावात होती. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. बचावपटूने टाळलेल्या नुकसानाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. सकाळी वॉर्ड, संध्याकाळी मैदान असा त्यांचा क्रम चालू असताना १९४४ मध्ये कोहिमा येथे जपानी व ब्रिटिश सैन्यांची घनघोर लढाई झाली. ज्या लोकांसाठी डॉक्टर व्हायचे, त्यांच्याच टेकड्या युद्धात होरपळत होत्या.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय पथकाचा ध्वज आओ यांच्या हाती होता. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर गाठ पडली फ्रान्सशी. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी होते. चातुर्मासाआधी महाराजांचा अनवाणी विहार पाहणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही, लंडनच्या पत्रकारांना मात्र फार वाटले. आम्ही ‘फुटबॉल’ खेळतो, तुम्ही खेळता तो ‘बूटबॉल’, असे उत्तर कर्णधाराने दिल्याचे सांगतात. रामन यांनी बरोबरी साधली, परंतु भारताच्या दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांतील गोलने सामना १-२ असा हातचा गेला.

परतल्यावर कीर्ती शिखरावर होती. अपुरी होती ती पदवी. १९५० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते एम.बी.बी.एस. झाले. मुलाचे एक वर्ष वाया गेले तर जग बुडाल्यासारखे करणाऱ्या पालकांनी हा आकडा पाहावा.

पुढे मैदान सुटले. दिब्रुगडला कान-नाक-घसा विभागात काही काळ काम करून १९५३ मध्ये ते कोहिमाच्या रुग्णालयात रुजू झाले. औषधदानाला आपल्या परंपरेत आहारदानाच्या शेजारचे स्थान आहे. त्या दानाची सोय दुर्गम टेकड्यांतील गावांपर्यंत नेण्याचे काम या डॉक्टरांच्या वाट्याला आले. १९६३ मध्ये नागालँड राज्य झाले आणि तेथील आरोग्य सेवेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १९७८ मध्ये ते त्याच पदावरून निवृत्त झाले.