लांब पल्ल्याची होडी

उस्मानपुऱ्यासारख्या शहरी वस्तीत राहून होडीचं वेड लागलं, तर हक्काचं मोठं पाणी एकच, पैठणचा नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. मागे सुमारे ५५ किलोमीटर पाणी पसरलं. कायगाव टोक्यापासून पैठणपर्यंत मुक्काम करत वल्हवत जायचं, तर घरच्या घरी होडी कशी बांधावी, ते शोधायला संपादकांनी मला सांगितलं.

बांधणी अवघड नाही. प्लायच्या फळ्यांना कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, मग सांध्यावर इपॉक्सी आणि काचकापडाची पट्टी बसवायची. प्लायवर आयएस ७१० हा मरीनचा शिक्का हवा. ताव आठ फुटी, म्हणून सोळा फुटी होडीसाठी ताव तिरके तासून जोडावे लागतात.

खरी मेख वल्ह्यात आहे. वल्ह्याचे पंचवीस भाग केले, तर सात भाग वल्हं टेकायच्या खुंटीच्या आत आणि अठरा बाहेर असावेत. दोन खुंट्यांमध्ये चार फूट अंतर असेल, तर वल्हं पावणेआठ फुटांचं लागतं. खुंट्या जवळ आणल्या की वल्हं आखूड होतं आणि प्रत्येक फटका छोटा पडतो. पण पाण्याला रुंद होडी आवडत नाही, ती ओढावी लागते. म्हणून तळ अरुंद ठेवून बाजू वर बाहेर झुकवतात: पाण्यालगत तीन फूट, काठाशी चार. पाय रोवायला आडवी फळी हवीच, कारण जोर पायांतून आणि पाठीतून येतो.

पण लांब पल्ल्यासाठी एवढंच पुरत नाही. १८९६ मध्ये हार्बो आणि सॅम्युएल्सन या दोन नॉर्वेजियनांनी १८ फुटी ‘फॉक्स’ होडी वल्हवत अटलांटिक ५५ दिवसांत ओलांडला. वादळात होडी उलटली. बुडाला आधीच बसवलेल्या दांड्यांना धरून दोघांनी ती पुन्हा सरळ केली. होडी उलटणार हे गृहीत धरूनच ती बांधली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे नेमका याचाच विसर पडेल, ही माझी काळजी आहे. उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात, आणि काठ लांब असतो. त्यात हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी लागते. पुढे-मागे हवाबंद कप्पे, बुडाला दांडे आणि अंगावर लाइफ जॅकेट, यांत काटकसर नको. होडी आधी कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटवावी, सरळ करावी, पाणी उपसून पुन्हा चढावं. ते जमेना, तर होडी परत सुतारकामाला घ्यावी. रंग नंतर.